भगिनींनो, हात हलता ठेवा!

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन बाई घरी परतली की घरात एक नवा नियम सुरू होतो. "तू काही करू नकोस, हात हलवू नकोस, जड उचलू नकोस." सासू स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, मुलगी वेणी घालून देते, नवरा पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतो. आपल्याकडे एरवी बाईच्या वाट्याला एवढी काळजी क्वचितच येते, म्हणून हे पाहून बरे वाटते. मात्र दोन-तीन महिन्यांनी तीच बाई दवाखान्यात येते, तेव्हा तिचा हात खांद्याच्या वर जात नाही, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि वजन मात्र वाढलेले असते. कर्करोगाची गाठ तर केव्हाच निघून गेलेली असते. उरलेल्या त्रासातला मोठा वाटा विश्रांतीचा असतो.

वाचकहो, मी कर्करोगतज्ज्ञ नाही. मालेगावात जनरल प्रॅक्टिस करणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण शस्त्रक्रिया मुंबईला होवो की नाशिकला, त्यानंतरची दहा-वीस वर्षे रुग्ण सर्दी-खोकल्यापासून खांदेदुखीपर्यंत आमच्यासारख्या डॉक्टरकडेच येत असतो. आणि असे रुग्ण आता पुष्कळ आहेत. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. वेळेवर निदान आणि पूर्ण उपचार झाले तर यातल्या अनेक जणी बऱ्या होतात, संसार करतात, नातवंडे खेळवतात. तेव्हा 'बरी झाल्यावर पुढे काय?' हा प्रश्न आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. त्याचे माझे उत्तर असे की, औषध जसे नियमाने घ्यायचे तसाच व्यायामही नियमाने करायचा. तो का आणि कसा, ते क्रमाने पाहू.

खांदा का आखडतो?

शस्त्रक्रियेत गाठ असलेला भाग किंवा पूर्ण स्तन काढतात, आणि बहुतेक वेळा काखेतील काही लसिकाग्रंथीही काढतात. जखम भरून येताना आतल्या बाजूला कातडी, स्नायू आणि त्यांच्यावरचे पातळ पडदे एकमेकांना चिकटू लागतात. हात हलता असेल तर ही नवी वीण लवचीक राहते. हात अंगाशी घट्ट धरून ठेवला तर ती तशीच ताठ होऊन बसते. मग दुखते म्हणून बाई हात हलवत नाही, हलवत नाही म्हणून खांदा आखडतो, आणि आखडला म्हणून आणखी दुखतो. बंद ठेवलेल्या यंत्रमागाचे चार महिन्यांत काय होते, हे मालेगावकरांना वेगळे सांगायला नको. शरीराच्या सांध्याचेही तेच आहे.

काही जणींना काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखी रेघ जाणवते. हात लांब केला की ती ओढली जाते व दुखते. 'रोग परत आला' या धास्तीने बाई रडतच दवाखान्यात येते. बहुतेक वेळा तो रोग नसतो. काखेतील शस्त्रक्रियेनंतर लसिकावाहिन्यांच्या मार्गावर अशा दोऱ्या तयार होतात आणि सावकाश ताण देण्याच्या व्यायामाने त्या सैल पडतात. डॉक्टरांना एकदा दाखवून खात्री करून घ्यावी, आणि भिऊन हात मिटून बसू नये.

सटाणा रस्त्यावरच्या एका गावातील पंचेचाळिशीच्या बाईंची गोष्ट सांगतो. घरची कांद्याची शेती. शस्त्रक्रिया चांगली झाली, जखम भरली. घरच्यांनी मायेपोटी गळ्यात फडके बांधून हात छातीशी ठेवून दिला. पुढे केमोथेरपी झाली. मग रेडिएशनची वेळ आली. रेडिएशन देताना बाईला उताणे झोपवून तो हात डोक्याच्या वर, मागे नेऊन ठेवावा लागतो, आणि यंत्र चालू असेपर्यंत तसाच स्थिर ठेवावा लागतो. यांचा हात कानापर्यंतही पोचेना. "डॉक्टरसाहेब, मना हात वर जात नही," असे त्या मला सांगत होत्या. नाशिकच्या डॉक्टरांनी आधी खांदा मोकळा करून या, असे सांगून परत पाठवले होते. तीन आठवडे रोज फिजिओथेरपी झाली, घरी मुलाने पहाटे उठून व्यायाम करून घेतला, तेव्हा कुठे हात वर गेला आणि रेडिएशन सुरू झाले. त्या आज बऱ्या आहेत. पण 'उपचाराला उशीर होतोय' या काळजीत त्या घराने जे तीन आठवडे काढले, ते टाळता येण्यासारखे होते. हात हलता ठेवणे हा पुढच्या उपचाराचाच भाग आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

पहिल्या दिवसापासून काय करावे?

ब्रिटनमध्ये ३९२ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी पद्धतशीर व्यायाम सुरू करून दिले. वर्षभराने त्यांचा हात इतरांपेक्षा चांगला चालत होता, आणि व्यायामामुळे जखमेच्या तक्रारी वाढल्या नव्हत्या. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ मिळेलच असे नाही, पण व्यायाम साधे आहेत. आपल्या सर्जनची परवानगी घेऊन पुढील क्रमाने करावेत. स्तनाची पुनर्रचना झाली असेल तर मात्र सर्जन सांगतील तोच क्रम पाळावा.

पहिला आठवडा, म्हणजे साधारण नळी काढेपर्यंत : मूठ उघडणे-मिटणे, मनगट गोल फिरवणे, कोपर दुमडणे आणि सरळ करणे, दोन्ही खांदे वर उचलून सैल सोडणे, खोल श्वास घेणे. प्रत्येक हालचाल दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. बसताना-झोपताना हात उशीवर थोडा उंच ठेवावा. हात खांद्याच्या रेषेपेक्षा वर नेण्याची घाई करू नये. जेवणे, तोंड धुणे, केसांवरून फणी फिरवणे ही आपली कामे मात्र त्याच हाताने करावीत.

नळी निघाल्यावर : भिंतीकडे तोंड करून उभे राहावे आणि बोटांनी भिंतीवर मुंगीसारखे चढत जावे. जिथे ताण जाणवेल तिथे दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे व सावकाश खाली यावे. भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली तर रोज किती प्रगती झाली ते दिसते. दुसरा व्यायाम काठीचा. उताणे झोपून दोन्ही हातांत काठी किंवा लांब लाटणे धरावे आणि चांगल्या हाताच्या मदतीने दुसरा हात डोक्याच्या मागे न्यावा. तिसरा, दोन्ही हात मानेमागे गुंफून कोपरे मागे ढकलणे. चौथा, हात पाठीमागे नेऊन ब्लाउजची पट्टी जिथे येते तिथपर्यंत पोचण्याचा प्रयत्न करणे.

ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये, हा या सर्व व्यायामांचा मापदंड. खांदा पूर्ववत झाला की नाही, हे घरातच कळते. फडताळावरचा डबा काढता येतो का, दोरीवर कपडे वाळत घालता येतात का, आपली वेणी आपल्याला घालता येते का, हे पाहावे. खांदा मोकळा झाला तरी हे व्यायाम सोडू नयेत. रेडिएशनचा परिणाम उपचार संपल्यावरही कित्येक महिने राहतो आणि स्नायू पुन्हा आखडू शकतात.

हात सुजेल ही भीती

'वजन उचललेस तर हात हत्तीरोगासारखा सुजेल,' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. या भीतीला आधार आहे. आपल्या हातातून रक्ताखेरीज लसिका नावाचा पातळ द्रवही परत छातीकडे वाहत असतो. त्याच्या वाटेवरचे नाके म्हणजे काखेतील ग्रंथी. त्या काढल्या किंवा त्यांवर रेडिएशन दिले की वाट अरुंद होते, द्रव साचतो आणि हात सुजतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. हॉलस्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली तीत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सगळेच काढीत. त्यानंतर हात सुजणे नित्याचे होते. आता शस्त्रक्रिया पुष्कळ मर्यादित झाली आहे आणि बऱ्याच जणींच्या मोजक्याच ग्रंथी काढाव्या लागतात, पण सल्ला मात्र जुनाच चालत आला : वजन उचलू नका.

या सल्ल्याला पहिला धक्का दिला तो कॅनडातील व्हँकुव्हर शहरातल्या चोवीस बायकांनी. तेथील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेंझी यांनी १९९६ साली स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या या चोवीस जणींना तयारी करवून शर्यतीच्या लांबलचक होडीत वल्ही मारायला बसवले. खांद्याची इतकी मेहनत दुसऱ्या क्वचितच कामात होते. हंगाम संपला तरी एकीचाही हात नव्याने सुजला नाही. पुढे जगभर अशा होड्यांचे संघ उभे राहिले.

चोवीस ही संख्या लहान होती. नंतर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. कॅथरीन श्मिट्झ यांनी पद्धतशीर चाचण्या घेतल्या. आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा, दाबाची बाही घालून, हळूहळू वाढवत वजने उचलली. सूज वाढण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. उलट दुखणे-सूज अचानक बळावण्याचा प्रकार वजने उचलणाऱ्यांत १४ टक्के, तर न उचलणाऱ्यांत २९ टक्के जणींना झाला. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, सूज नसलेल्या १५४ स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यांतल्या ज्यांच्या काखेतील पाच किंवा अधिक ग्रंथी काढल्या होत्या, त्यांपैकी व्यायाम करणाऱ्या ७ टक्के आणि न करणाऱ्या २२ टक्के जणींचे हात सुजले. कारण समजायला सोपे आहे. लसिका पुढे ढकलायला हृदयासारखा वेगळा पंप नसतो. स्नायू आवळतो-सैलावतो तेव्हा शेजारच्या वाहिन्या दाबल्या जाऊन ती पुढे सरकते. म्हणजे हाताचे स्नायू हाच तिचा मुख्य पंप, आणि तोच आपण विश्रांतीच्या नावाखाली बंद ठेवतो.

मात्र वरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी मोठी वजने उचलली नव्हती. अगदी अल्प वजनापासून सुरुवात करून, त्रास होत नाही असे पाहून मगच ते वाढवले होते. हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या भागात दुसऱ्या टोकाच्या बायकाही आहेत. घरात हाताखाली कोणी नसते, कांदे काढणीला आलेले असतात, आणि टाके निघून पंधरा दिवस होत नाहीत तोच बाई पाण्याने भरलेला हंडा कमरेवर घेते किंवा कांद्याची गोणी ओढू लागते. हा व्यायाम नव्हे. महिनाभर न वापरलेल्या हातावर एकदम पडलेला तो बोजा आहे. पूर्ण विश्रांती आणि एकदम बोजा, या दोन्हींच्या मधली वाट क्रमाक्रमाची आहे.

जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी आणि डॉक्टरांच्या संमतीने, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्यावी. तिचे वजन बरोबर अर्धा किलो असते. कोपर दुमडणे, हात समोर उचलणे, बाजूला उचलणे, असे प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस करावे. दोन आठवडे काही त्रास नसेल तर एक लिटरची बाटली घ्यावी. हात आधीच सुजलेला असेल तर दाबाची बाही आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी.

सूज ओळखण्याची खूण आपल्या बायकांच्या हातातच असते : बांगडी. नेहमीची बांगडी किंवा अंगठी घट्ट वाटू लागली, ब्लाउजची एकच बाही काचू लागली, की शिंप्याकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे यावे. महिन्यातून एकदा शिवणाच्या टेपने दोन्ही हात मनगटाशी, कोपराच्या खाली आणि वर ठरलेल्या अंतरावर मोजून वहीत लिहावेत. दोन हातांत आधी नसलेला दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर थांबू नये. सूज सुरुवातीला आटोक्यात येते, जुनी झाली की हट्टी होते.

थकवा विश्रांतीने का जात नाही?

केमोथेरपी-रेडिएशनचा थकवा हा दिवसभराच्या कामाचा शीण नसतो. रात्रभर झोपूनही तो जात नाही. बाई म्हणते, "अंगात जीवच नाही." साहजिकच ती आणखी झोपते. पण अंथरुणावर पडून राहणाऱ्याचे स्नायू काही आठवड्यांत रोडावतात, आणि मग न्हाणीघरापर्यंत जाण्यालाही पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो. थकव्याने विश्रांती वाढते आणि विश्रांतीने थकवा वाढतो. हे चक्र चालण्याने तुटते. कर्करोगाच्या थकव्यावरील ११३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम आणि मानसिक समुपदेशन हे दोन उपाय गोळ्यांपेक्षा सरस ठरले. अर्थात हिमोग्लोबिन कमी आहे का, थायरॉइड बिघडली आहे का, हे आधी तपासून घ्यावे. रक्तच कमी असेल तर नुसते चालून भागणार नाही.

हाडे, सांधे, हृदय आणि वजन

पाळी गेलेल्या बऱ्याच स्त्रियांना लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल ही गोळी पाच वर्षे, कधी त्याहून जास्त काळ घ्यावी लागते. ती रोग परत येऊ नये म्हणून अतिशय मोलाची आहे, पण तिच्यामुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात आणि सांधे दुखतात. या दुखण्याला कंटाळून गोळी परस्पर बंद करणाऱ्या बायका मी पाहतो. असे मुळीच करू नये. अमेरिकेत अशाच सांधेदुखीच्या १२१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभर चालणे व ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाल्या. पायांवर भार देऊन चालण्याने आणि स्नायूंच्या व्यायामाने हाडे बळकट राहायला मदत होते. अंगात ताकद आणि तोल असेल तर पडून हाड मोडण्याचा धोकाही कमी होतो.

केमोथेरपीतील लाल रंगाचे औषध काही रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूवर परिणाम करते. शिवाय या काळात बऱ्याच स्त्रियांचे वजन वाढते. 'आजारातून उठली आहे, अंग भरू दे,' म्हणून तूप-शिरा सुरू होतो. वजनाच्या मागून मधुमेह आणि रक्तदाब येतात. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेली बाई पुढे हृदयविकाराने जावी, हे दुःखद आहे आणि अनेकदा टाळता येण्यासारखे आहे. रोजचे चालणे हृदय, साखर, रक्तदाब आणि वजन या चारींवर एकदम काम करते.

आयुष्य वाढते का?

हा प्रश्न नातेवाईक हळूच बाहेर येऊन विचारतात. अमेरिकेत २,९८७ परिचारिकांना स्तनाचा कर्करोग झाल्यानंतर अनेक वर्षे त्यांचा माग ठेवला गेला. आठवड्याला तीन ते पाच तास मध्यम गतीने चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत या रोगाने मृत्यू होण्याचे प्रमाण, अगदी कमी हालचाल करणाऱ्यांच्या मानाने, जवळपास निम्मे आढळले. हा अभ्यास २००५ सालचा. येथे एक सावधगिरी हवी. ज्यांची तब्येत मुळातच चांगली त्याच जास्त चालत असतील, अशी शक्यता अशा पाहणीत राहतेच.

आपल्या महाराष्ट्रातही काम झाले आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, जे १९४१ पासून कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करीत आहे, ८५० स्त्रियांवर चाचणी घेऊन योगाची तुलना नेहमीच्या व्यायामाशी करण्यात आली. त्यात सौम्य आसने, अधूनमधून विश्रांती आणि प्राणायाम असा क्रम होता. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील परिषदेत डॉ. नीता नायर यांनी तिचे निष्कर्ष मांडले. योग करणाऱ्यांमध्ये रोग परत न येता राहण्यात १५ टक्के आणि जिवंत राहण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा सांगितली गेली. 'सापेक्ष' या शब्दाकडे लक्ष द्यावे. शंभरातल्या पंधरा जणी जास्त वाचल्या असा त्याचा अर्थ नाही. समजा, शंभरातल्या वीस जणींना रोग परत होणार असेल, तर ती संख्या सतरावर येणे म्हणजे १५ टक्के सापेक्ष घट. फायदा लहान दिसला तरी, ज्या तीन घरांत तो पोचतो त्यांना तो लहान नसतो.

एवढे मात्र निक्षून सांगतो. व्यायाम हा उपचारांच्या जोडीला आहे, उपचारांच्या जागी नाही. प्राणायाम सुरू केला म्हणून टॅमॉक्सिफेन बंद, चालायला लागले म्हणून तपासणीची तारीख रद्द, असे करणे जिवावर बेतू शकते.

मालेगावात हे कसे जमवायचे?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोन वेळा ताकदीचा व्यायाम केल्यास थकवा कमी होतो आणि शारीरिक क्षमता सुधारते. इतके सर्वांना जमावे. पुढे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे ध्येय ठेवावे. सुरुवात दहा मिनिटांनी करावी व दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. गती अशी असावी की सोबतिणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा उजाडताच किंवा दिवस मावळल्यावरच चालावे. रोजे असतील तर इफ्तारनंतर थोड्या वेळाने चालावे. शहरातल्या अरुंद गल्ल्यांत राहणाऱ्या आणि बाहेर फिरायला संकोचणाऱ्या भगिनींनी गच्चीवर फेऱ्या घालाव्यात. गच्ची नसेल तर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत घड्याळ लावून चालावे. पायांना रस्ता आणि ओसरी यांतला फरक कळत नाही. नमाज पढणाऱ्या भगिनींचे वाकणे-बसणे चांगले होते, पण सजद्यात तळहातांवर भार येतो. सुरुवातीला खांदा दुखत असेल तर काही आठवडे बसून नमाज पढावी. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनीही हातांवर भार येणाऱ्या स्थिती शेवटी सुरू कराव्यात.

'मी दिवसभर घरात राबते, मला वेगळा व्यायाम कशाला?' असेही विचारले जाते. झाडणे-पुसणे, शेतात जाणे-येणे ही हालचालच आहे आणि ती उपयोगाचीही आहे. पण भाकरी थापताना किंवा निंदणी करताना हात खांद्याच्या वर जात नाही. म्हणून काम कितीही असले तरी भिंतीवरचा आणि काठीचा व्यायाम दहा मिनिटे वेगळा काढून करावाच. काम करताना त्या हाताला जखम होऊ नये म्हणून जपावे. डाळिंबाचा काटा, कांदे कापण्याचा विळा, चुलीचा चटका, शिवणाची सुई यांतून जंतू शिरले की सूज झपाट्याने वाढते. शेतात हातमोजे घालावेत आणि लहानशी जखमही साबण-पाण्याने धुऊन औषध लावावे.

केव्हा थांबावे?

ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी अथवा प्लेटलेट फार कमी झाल्या असतील, त्या दिवसांत व्यायाम करू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी प्रतिजैविके सुरू करावी लागतात. या दोन्हींत सकाळची वाट पाहू नये. रोग हाडांत पसरलेला असेल तर कोणता व्यायाम सुरक्षित, हे कर्करोगतज्ज्ञांनाच विचारावे.

घरच्यांसाठी दोन शब्द

आजारी बाईला अंथरुणावर ठेवणे हीच सेवा, असे मानणाऱ्या सासूबाईंना, नवऱ्याला, मुलांना माझी विनंती आहे. तुमची माया योग्य आहे, फक्त तिची दिशा थोडी बदला. पाण्याचा तांब्या तिला तिचा तिला घेऊ द्या, आणि जड हंडा तुम्ही भरा. वेणी तिला घालू द्या, आणि संध्याकाळी तिच्यासोबत अर्धा तास चाला. "इतक्यात फिरायला लागली!" असे शेजारीण म्हणाली तर "डॉक्टरांनीच सांगितलंय" असे खुशाल सांगा. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा नातवंडांना मोजायला लावा. मुले अशा हिशेबात फार काटेकोर असतात आणि आजीला चुकारपणा करू देत नाहीत.

आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना 'व्यायाम केला तर चालेल का?' एवढेच विचारून थांबू नका. 'माझ्यासाठी कोणता, किती आणि कधीपासून?' असे विचारा, आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा.